मूठ उघडायची कशी?

एक छोटा खेळ आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या दहा-बारा मुलांच्या जोड्या लावायच्या. जोडीतल्या एकाच्या हातात चेंडू द्यायचा आणि मूठ घट्ट मिटायला सांगायचं. दुसऱ्याला सांगायचं, तीस सेकंदांत हा चेंडू तुझ्याकडे आला पाहिजे. पुढे काय होतं ते सांगायला नकोच. बोटं ओढली जातात, मनगटं पिरगाळली जातात, खुर्च्या सरकतात, कुणीतरी जमिनीवर लोळतं. मग अदलाबदल होते आणि पुन्हा तोच गोंधळ. सगळे धापा टाकत बसले की गट घेणारा मोठा माणूस एवढंच विचारतो : कुणी चेंडू मागून पाहिला का?

मागितलेला जवळजवळ कधीच नसतो. का नाही मागितला? तर समोरचा मला लेचापेचा समजला असता. मग त्या समोरच्याला विचारायचं, यानं मागितला असता तर काय केलं असतंस? दिला असता की, साधा चेंडू तर होता.

अमेरिकेतल्या शिकागो शहरात 'बिकमिंग अ मॅन' नावाचा कार्यक्रम २००१पासून चालतो. त्यातल्या सुरुवातीच्या सत्रांतला हा खेळ. शाळेच्याच वेळात, आठवड्यातून साधारण एक तास, मुलगे गोल करून बसतात. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी मुलं निवडून या कार्यक्रमाची दोनदा मोठी चाचणी घेतली. कार्यक्रम चालू होता त्या काळात भाग घेणाऱ्या मुलांच्या हिंसक गुन्ह्यांसाठी होणाऱ्या अटका ४५ ते ५० टक्क्यांनी कमी झाल्या. पहिल्या चाचणीत कार्यक्रम संपल्यावर मात्र अटकांमधला फरक ओसरला. या दुसऱ्या गोष्टीकडे पुढे परत यावं लागेल.

आधी खेळाकडे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण इथे ती मूठ कुणी सव्वा लाखासाठी झाकत नाही. चेंडूची किंमत शून्य आहे. झाकलेली असते ती पत. आणि 'मागितलं तर मिळेल' हे त्या मुलांना ठाऊक नव्हतं असंही नाही. वर्गात शांतपणे विचारलं असतं तर त्यांनी हेच उत्तर लिहिलं असतं. तीस सेकंदांचं घड्याळ, समोर प्रतिस्पर्धी आणि भोवती बघणारे दहा जण, एवढं जमलं की ते उत्तर सुचत नाही. मुलामुलींची नाती आणि त्यांचे निर्णय सुधारावेत म्हणून जगभर जे उपक्रम चालतात, त्यांतला कुठला लागू पडतो आणि कुठला फसतो, याचं बरंचसं कोडं इथे सुटतं.

अक्कल असते, वेळेवर हाताशी नसते

'या वयात अक्कल नसते' हे मोठ्यांचं आवडतं निदान. ते चुकीचं आहे, आणि त्यावरून ठरवलेला उपायही मग चुकतो.

२००५ साली मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकावर गाडी चालवायची. पिवळा दिवा लागला की जितकं पुढे जाल तितके गुण जास्त, पण मध्येच कधी लाल झाला आणि गाडी चालूच असली तर अपघात, मिळवलेले गुण गेले. खेळणारे तीन वयोगटांतले : १३ ते १६, १८ ते २२ आणि २४च्या पुढचे. निम्मे एकटे खेळले, निम्म्यांच्या सोबत त्यांच्याच वयाचे दोघे बसले होते. एकटे खेळताना सगळ्या वयाचे जवळपास सारखेच सावध. सोबत दोघे बसले की मोठ्यांच्या खेळात फरक नाही, मधल्या गटाचं धोका पत्करणं निम्म्यानं वाढलं, आणि १३ ते १६च्या मुलांचं दुप्पट झालं. गाडी तीच, दिवा तोच.

पुढे अकरा देशांतल्या पाच हजारांहून अधिक जणांवर, १० ते ३० वयातल्या, असाच तुलनात्मक अभ्यास झाला. शांत बसून, घाई नसताना, माहिती तोलून विचार करणं सोळाच्या आसपास मोठ्या माणसांइतकंच जमू लागतं. उचंबळून आलेलं असताना स्वतःला आवरणं, बरोबरच्यांच्या दबावाखाली ठाम राहणं, हे मात्र विशीपर्यंत आणि नंतरही घडत राहतं. म्हणजे सोळा वर्षांच्या मुलीकडे एक विचार करणारी यंत्रणा आहे जी मोठ्यांच्या तोडीची आहे, आणि दुसरी आहे जिचं बांधकाम चालू आहे. परीक्षेत पहिली बसते. मित्राच्या मोटारसायकलवर मागे बसायचं की नाही, हे ठरवताना बहुतेकदा दुसरी हजर असते.

यात दोष शोधण्याचं कारण नाही. घर सोडून बाहेरच्या जगात जागा करायची तर बरोबरच्यांच्या नजरेची किंमत वाटणं गरजेचंच आहे. ती नजर अजिबात न जाणवणाऱ्या मुलाची मला जास्त काळजी वाटेल. मुद्दा एवढाच की मुलांचा निर्णय डोक्यात एकट्यानं होत नाही, तो घोळक्यात होतो. जो उपक्रम एकेका डोक्यात माहिती ओततो आणि घोळक्याला हात लावत नाही, तो मेहनत करतो पण भलत्या जागी.

सांगून, घाबरवून, बाहुली देऊन

अशा भलत्या जागी झालेल्या मेहनतीचा मोठा इतिहास आहे. अमेरिकेतच १९८३मध्ये लॉस एंजेलिसला 'डेअर' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. गणवेशातला पोलीस वर्गात येणार, अमली पदार्थांचे धोके सांगणार, नाही म्हणायला शिकवणार. कल्पना सगळ्यांना इतकी पटली की देशभर पसरली आणि परदेशांतही गेली. मग अभ्यास आले. ज्या मुलांनी तो कार्यक्रम केला आणि ज्यांनी केला नाही, त्यांची दहा वर्षांनी तुलना केली तर दारू, सिगारेट, अमली पदार्थ, कशातही फरक नव्हता. पुढे त्या कार्यक्रमानं आपला अभ्यासक्रमच बदलला.

फरक न पडणं परवडलं म्हणावं, असा दुसरा प्रकार. न्यू जर्सीतल्या राहवेच्या तुरुंगात १९७०च्या दशकात वाट चुकलेल्या मुलांना नेऊन जन्मठेपेच्या कैद्यांसमोर उभं करायचे. कैदी ओरडायचे, आत काय होतं ते अंगावर काटा येईल असं सांगायचे. बघणाऱ्यांना वाटे, पोरगा आता आयुष्यात गुन्ह्याकडे वळणार नाही. अशा कार्यक्रमांच्या नऊ चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा दिसलं की तुरुंग पाहून आलेल्या मुलांनी, ज्यांच्यासाठी काहीच केलं नव्हतं त्यांच्यापेक्षा जास्त गुन्हे केले. नुसतं घरी बसवलं असतं तरी चाललं असतं.

तिसरं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. ऑस्ट्रेलियात पर्थ आणि आसपासच्या ५७ शाळांत १३ ते १५ वर्षांच्या मुलींवर हा प्रयोग झाला. काही शाळांतल्या मुलींना शनिवार-रविवारसाठी एक यांत्रिक बाळ घरी न्यायला द्यायचे. ते रात्री-अपरात्री रडणार, त्याला दूध हवं, लंगोट बदलायला हवा, झुलवायला हवं, आणि किती काळजी घेतली याची नोंद आत होणार. हेतू असा की आई होणं किती अवघड आहे हे कळेल आणि कोवळ्या वयातली गर्भारपणं टळतील. विसाव्या वर्षापर्यंतच्या नोंदी तपासून २०१६ साली निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. बाळ नेलेल्या मुलींपैकी ८ टक्के आई झाल्या, न नेलेल्यांत ४ टक्के. गर्भपातही त्यांच्यात जास्त, ९ टक्के विरुद्ध ६.

असं का व्हावं? माझा अंदाज सांगतो, तो अंदाजच समजावा. दोन दिवस त्या मुलीभोवती सगळे जमले. मैत्रिणी आल्या, फोटो निघाले, घरच्यांनी कौतुकानं मदत केली. मोठ्यांनी तिच्या हाती द्यायचा होता अवघडपणा. तिला मिळालं महत्त्व. घोळक्याची नजर पुन्हा आपल्या कामाला लागली, फक्त उलट दिशेनं.

नातं म्हणजे नेमकं काय शिकवायचं

'निरोगी नातेसंबंध' हा शब्द ऐकला की भाषणाचा वास येतो. प्रत्यक्षात चांगल्या गटांत जे चालतं ते फार साधं असतं. प्रसंग घ्यायचा आणि त्याची चिरफाड करायची. मित्र म्हणतो, तुझ्या फोनचा पासवर्ड दे, माझ्यावर विश्वास नाही का? हे प्रेम आहे की पाळत? मैत्रीण दर तासाला विचारते कुठे आहेस, कुणाबरोबर आहेस. काळजी आणि ताबा यांत रेघ कुठे मारायची? भांडणानंतर तो म्हणतो, सोडून गेलीस तर मी स्वतःचं काहीतरी करून घेईन. या वाक्याचं तिनं काय करायचं, एकटीनं पेलायचं की कुणाला सांगायचं, आणि कुणाला?

मोठ्यांना हे प्रश्न किरकोळ वाटतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२४मध्ये मांडलेला अंदाज असा की, जगभरात १५ ते १९ वयाच्या ज्या मुली कधी ना कधी जोडीदाराच्या नात्यात होत्या, त्यांतल्या जवळपास २४ टक्के मुलींनी, म्हणजे सुमारे एक कोटी नव्वद लाख मुलींनी, त्या जोडीदाराकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली आहे. यात लग्न झालेल्याही आल्या आणि न झालेल्याही.

सत्रांमध्ये 'नाही कसं म्हणायचं' याचा सराव खूप होतो. 'नाही' ऐकून कसं घ्यायचं याचा सराव फार थोड्या ठिकाणी होतो, आणि मला तो जास्त गरजेचा वाटतो. नकार मिळाला. चेहरा गरम झाला, मित्र बघताहेत, दोघे हसले. आता पुढचे दहा सेकंद काय करायचं? काय बोलायचं, नजर कुठे ठेवायची, तिथून निघायचं कसं, रात्री तिला मेसेज करायचा की फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा? हे आधी तोंडानं म्हणून, अंगानं करून पाहिलेलं असेल तर वेळेला आठवतं. पोहायचं पुस्तक वाचून पाण्यात उतरलेल्याचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

कॅनडात ओंटारियो प्रांतात डेव्हिड वुल्फ आणि सहकाऱ्यांनी असा सराव थेट शाळेच्या वेळापत्रकात बसवला. वाचन, लेखन, गणित या तीन पायाभूत गोष्टींच्या जोडीला नातं ही चौथी, अशी त्यामागची कल्पना. आरोग्य आणि शारीरिक शिक्षणाच्या तासालाच, नेहमीच्याच शिक्षकांना प्रशिक्षण देऊन २१ धडे घ्यायचे. वीस शाळा, १४-१५ वर्षांची १७०० हून अधिक मुलं. अडीच वर्षांनी विचारलं तेव्हा जोडीदारावर हात उगारल्याचं हे धडे न झालेल्या शाळांत ९.८ टक्के मुलांनी सांगितलं, या शाळांत ७.४ टक्के. फरक दिपवणारा नाही. मुलग्यांपुरतं पाहिलं तर मात्र ७.१ आणि २.७, आणि हा फरक मला मोठा वाटतो.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या एका ग्रामीण भागात त्याच्याही आधी, १९९०च्या दशकात, व्हँजी फोशी यांनी दहा सत्रांचा, एका नाटुकल्याचा आणि भित्तिचित्र स्पर्धेचा कार्यक्रम १४ शाळांत केला होता. चार वर्षांनंतरही त्या मुलांच्या नात्यांत हिंसा कमी आढळली. त्यांनी आणखी एक काम केलं, जे बहुतेक जण करत नाहीत : परिणाम नेमका कशामुळे झाला तेही तपासलं. भांडण सोडवण्याच्या कौशल्याला त्यात फारसं श्रेय मिळालं नाही. बदल झाला तो 'हे चालतं' आणि 'हे चालत नाही' याबद्दलच्या समजुतींत, मुलामुलींच्या वागण्याबद्दलच्या ठरीव कल्पनांत, आणि अडचण आली तर मदत कुठे मिळते या माहितीत. पुन्हा घोळक्याकडेच बोट. कानाखाली वाजवणं प्रेमात चालतं असं आपल्या गटाला वाटतं की नाही, यावर हात उठणार की नाही हे बरंचसं ठरतं.

या विषयावर बोललं की मुलं बिघडतात, ही शंका दर वेळी निघते. तिचं उत्तर थोडक्यात देता येतं, कारण ते बराच काळ तपासलं गेलं आहे. युनेस्कोच्या २०१८च्या मार्गदर्शक पुस्तिकेत जगभरच्या अभ्यासांचा आढावा आहे. नीट दिलेल्या लैंगिकता शिक्षणानं मुलं लवकर शरीरसंबंधांकडे वळतात असं त्यात दिसत नाही.

ज्याचं ऐकतात, त्यालाच बोलतं करा

घोळक्याची नजर बदलायची तर ती कुणाच्या शब्दानं बदलते हे पाहायला हवं. पाहुण्या वक्त्याच्या शब्दानं बदलत नाही, हे पाहुणा वक्ता सोडून बाकी सगळ्यांना कळतं.

कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोमध्ये यावर एक सुटसुटीत उत्तर तपासलं गेलं. डॉ. एलिझाबेथ मिलर यांच्या गटानं १६ शाळांतल्या खेळाच्या प्रशिक्षकांना हाताशी धरलं. प्रशिक्षकानं हंगामभर, आठवड्यातून एकदा, पंधराएक मिनिटं मुलांशी बोलायचं : मुलींबद्दल ड्रेसिंग रूममध्ये काय बोललं जातं, मित्र हद्द ओलांडत असेल तर काय करायचं. वेगळा तास नाही, वेगळी खोली नाही. हंगाम संपताना या मुलांमध्ये मित्राला अडवण्याची तयारी आणि प्रत्यक्ष अडवणं जास्त दिसलं. वर्षभरानं मुलींशी गैर वागल्याची कबुलीही तुलनेनं कमी होती. हाच साचा पुढे मुंबईत 'परिवर्तन' या नावानं क्रिकेटच्या प्रशिक्षकांना घेऊन वापरला गेला.

प्रशिक्षकच का? कारण तो संघ निवडतो. त्याच्या भुवईचा अर्थ मुलांना कळतो. शिवाय तो उद्याही येणार असतो, परवाही.

हे 'उद्याही येणं' फार महत्त्वाचं आहे. एका मोठ्या माणसाची एका मुलाशी गाठ घालून देणारे, ताई-दादा नेमणारे उपक्रम पुष्कळ देशांत आहेत. त्यांतल्या 'बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स' या जुन्या अमेरिकी संस्थेचा १९९५ सालचा अभ्यास प्रसिद्ध आहे. १० ते १६ वयाच्या ९५९ मुलांपैकी निम्म्यांना लगेच ताई-दादा मिळाले, निम्मी यादीत थांबली. दीड वर्षानं पाहिलं तर सोबत मिळालेल्यांमध्ये अमली पदार्थ सुरू करण्याचं प्रमाण ४६ टक्क्यांनी कमी होतं. आणि हे ताई-दादा व्यसनांवर प्रवचनं देत नव्हते. भेटत होते, बोलत होते, हिंडत होते.

याच माहितीतून नंतर एक बोचरी गोष्ट वर आली. ज्या जोड्या तीन महिन्यांच्या आत मोडल्या, त्या मुलांना स्वतःबद्दल आधीपेक्षा कमी वाटू लागलं. ज्यांच्या आयुष्यात आधीच मोठी माणसं टिकत नव्हती, त्यांच्या यादीत आणखी एकाची भर पडली. म्हणून 'जमेल तितके दिवस या' असं म्हणून स्वयंसेवक गोळा करणाऱ्या संस्थांबद्दल मला धास्ती वाटते. उत्साही माणूस परीक्षा आली, नोकरी लागली म्हणून गळतो. मूल त्याचा अर्थ स्वतःपुरता लावतं. वर्षभराचा शब्द देता येत नसेल तर अशा माणसाला एका मुलाशी जोडू नये. हिशेब ठेवायला, सामान लावायला माणसं लागतातच.

खोली, जिना आणि रात्रीची वेळ

इथपर्यंत माणसांबद्दल झालं. आता जागेबद्दल, कारण काही वेळा भिंती माणसांपेक्षा चांगलं काम करतात.

न्यूयॉर्कमधल्या ३० शाळांत, ११ ते १३ वयाच्या मुलांसाठी 'शिफ्टिंग बाउंड्रीज' नावाचा प्रयोग झाला. काही शाळांत फक्त वर्गातले धडे, काही शाळांत फक्त इमारतीत बदल, काही ठिकाणी दोन्ही, काही ठिकाणी काहीच नाही. इमारतीतला बदल म्हणजे काय? मुलांच्या हातात शाळेचा नकाशा द्यायचा आणि जिथे सुरक्षित वाटतं, जिथे भीती वाटते त्या जागा रंगवायला सांगायच्या. मग ज्या जिन्यावर, ज्या कोपऱ्यात रंग दाटले, तिथे मोठी माणसं उभी करायची. जोडीला भिंतींवर फलक, आणि त्रास देणाऱ्यानं लांब राहावं म्हणून शाळेच्या पातळीवर लेखी बंदी. इमारतीतल्या बदलांनी छळ आणि हिंसा कमी झाली. नुसत्या धड्यांनी फारसं काही झालं नाही.

मला यातला नकाशाचा भाग फार आवडतो. त्याला खर्च नाही आणि त्यात मुलांना उपदेशाऐवजी प्रश्न मिळतो. मोठ्यांना वाटत असतं की त्यांना आपली इमारत ठाऊक आहे. त्यांना ती मोठ्यांच्या उंचीवरून ठाऊक असते.

संपूर्ण देशानंच जागा आणि वेळ बदलल्याचं उदाहरण आइसलँडचं. तिथल्या १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी गेल्या महिनाभरात दारू पिऊन झिंगलेल्यांचं प्रमाण १९९८मध्ये ४२ टक्के होतं, २०१६मध्ये ५ टक्के. रोज सिगारेट ओढणारे २३ टक्क्यांवरून ३वर आले. त्यांनी काय केलं? तेरा ते सोळाच्या मुलांनी हिवाळ्यात रात्री दहानंतर आणि उन्हाळ्यात बारानंतर एकटं बाहेर राहायचं नाही असा कायदा. तंबाखूसाठी अठरा आणि दारूसाठी वीस वर्षांची अट. शाळाशाळांत पालकांनी एकत्र बसून केलेले करार. खेळ, संगीत, नृत्य, कुठलाही छंद शिकायला सरकारी पैसा, राजधानीत तर प्रत्येक मुलामागे वार्षिक रक्कम. आणि शाळांतून नेमानं सर्वेक्षण, ज्याचे निष्कर्ष थोड्याच आठवड्यांत त्या त्या शाळेला परत.

या गोष्टीची इतकी वाहवा झाली आहे की थोडं थांबून बघितलेलं बरं. सगळे उपाय एकाच वेळी झाले, त्यामुळे कुठल्यानं किती काम केलं ते वेगळं काढता येत नाही. त्याच काळात युरोपातल्या इतर अनेक देशांतही मुलांचं पिणं घटलं, आइसलँडइतकं नसलं तरी. तेव्हा सगळं श्रेय त्यांना देऊ नये. पण करारांमागचं पालकांचं शहाणपण पाहण्यासारखं आहे. 'बाकी सगळ्यांना जाऊ देतात, फक्त मलाच नाही' हे वाक्य त्या पालकांनी एकमेकांना फोन करून निकामी केलं. मुलांचा घोळका असतो तसा पालकांचाही हवा, ही त्यातली खरी युक्ती.

उपक्रम दारात आला तर

समजा एखादी संस्था तुमच्या शाळेत किंवा वस्तीत असा कार्यक्रम घेऊन आली. माहितीपत्रक चकचकीत असतंच. मी आधी विचारीन की कितीदा येणार. एकदाच, दोन तास, सभागृहात तीनशे मुलं असं उत्तर आलं तर चहापाणी करून त्यांना निरोप द्यावा. मग विचारीन की तासातला किती वेळ मुलं बोलतात आणि किती वेळ तुम्ही. त्यानंतर, गट घेणारा पुढच्या वर्षी असेल का. शिकागोच्या कार्यक्रमातला अटकांचा फरक कार्यक्रम थांबल्यावर ओसरला होता, तेव्हा लस टोचल्यासारखा एकदा देऊन मोकळं होण्याचा हा प्रकार नाही. दात घासण्यासारखा आहे.

गुप्ततेबद्दलचा प्रश्न हमखास राहून जातो. गटात सांगितलेलं गटातच राहील, असं पहिल्याच दिवशी मुलांना सांगतात आणि ते योग्य आहे. पण कुणी म्हणालं की माझ्यावर घरात अत्याचार होतो, किंवा मला जगायचं नाही, तर ते पोटात ठेवता येत नाही. कुठली गोष्ट बाहेर जाईल आणि कुणाकडे, हे मुलानं तोंड उघडण्याआधी त्याला कळलं पाहिजे. नंतर सांगणं म्हणजे फसवणूक, आणि तो मुलगा पुन्हा कुणाला काही सांगणार नाही.

गटात कोण कोण बसणार, हेही विचारायला हवं. 'वाया गेलेली' म्हणून वेचलेली मुलं एकत्र बसवली की काय होतं यावर थॉमस डिशियन यांनी बराच अभ्यास केला. दोन मुलं गप्पा मारताना त्यांचं चित्रण करून पाहिलं. नियम मोडल्याच्या गोष्टीवर समोरचा हसला की सांगणारा तशाच गोष्टी आणखी सांगतो, आणि ज्या जोड्यांत हे हसणं जास्त, त्यांचं वागणं पुढे जास्त बिघडलेलं दिसलं. एकमेकांना ते हसण्यानं शिकवत होते. शिक्षकाच्या तासभराच्या बोलण्याला ते एक हसू पुरून उरतं.

शेवटचा प्रश्न : उपयोग झाला हे तुम्ही कसं ठरवता? बहुतेक जण शेवटच्या दिवशी मुलांनी भरलेले अभिप्राय दाखवतात. त्यावर एक जुनी हकिगत सांगण्यासारखी आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यात केंब्रिज आणि सॉमरव्हिल या शेजारच्या गावांत १९३९ साली ५०६ मुलग्यांना घेऊन एक मोठा उपक्रम सुरू झाला. निम्म्या मुलांना समुपदेशक, शिकवणी, औषधोपचार, उन्हाळी शिबिरं, जवळपास पाच वर्षं. उरलेल्या निम्म्यांना काहीच नाही. तीसेक वर्षांनी जोन मॅककॉर्ड यांनी या सगळ्यांचा माग काढला. मदत मिळालेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश जण म्हणाले, त्याचा आम्हाला फायदा झाला. नोंदी वेगळंच सांगत होत्या. पुन्हा पुन्हा गुन्हे करणं, दारूचं व्यसन, लवकर मृत्यू, या बाबतीत मदत मिळालेल्यांची गत काहीच न मिळालेल्यांपेक्षा वाईट होती. शोध घेता घेता बोट गेलं ते शिबिरांकडे. जी मुलं एकाहून अधिक वेळा शिबिराला गेली होती, त्यांचं नुकसान सगळ्यात जास्त.

दुसरा निम्मा गट नसता तर हे कधीच कळलं नसतं, आणि अभिप्रायांचा गठ्ठा कौतुकानं जपून ठेवला गेला असता. मदत कुणालाही नाकारायला नको आणि तुलनाही व्हायला हवी, तर त्यालाही वाट आहे. कार्यक्रम दहा शाळांत न्यायचा असेल आणि माणसं पाचांपुरतीच असतील, तर कुठल्या पाच आधी हे चिठ्ठ्या टाकून ठरवावं. उरलेल्या पाचांना पुढच्या वर्षी. दहाही शाळांतल्या मुलांना तेच पाच-सहा प्रश्न आज विचारावेत आणि वर्षानं परत, नाव न लिहिता, त्यांच्या ओळखीच्या शिक्षकाला खोलीबाहेर पाठवून.